लांबी भरण्यापूर्वी

जुन्या मोटारींच्या दुनियेत एक गंमत आहे. ज्या गाडीला दुरुस्तीची गरज सगळ्यात कमी, तिचीच दुरुस्ती सगळ्यात चांगली होते. मडगार्डच्या कडेला रुपयाएवढा गंज आला असेल तर तो घासावा, प्रायमर मारावा, लांबी भरावी, रंग द्यावा. गाडी पुन्हा लग्नाच्या वरातीला तयार. पण गंज तळपत्र्यापर्यंत पोचला असेल, दारांचे खालचे काठ हात लावताच गळून पडत असतील आणि चासीतून पलीकडची जमीन दिसत असेल, तर दुरुस्ती म्हणजे एकेक भाग कापून काढायचा आणि त्या जागी नवा बसवायचा. तळ नवा, दारं नवी, मडगार्डं नवी, चासी अर्धीअधिक नवी. अखेरीस मूळ गाडीतलं उरतं काय, तर इंजिनावर ठोकलेला नंबर, आरसी बुक आणि मालकाचा अभिमान. यातलं आरसी बुकही बहुतेक वेळा डुप्लिकेट असतं. म्हणजे जिला जीर्णोद्धाराची खरी गरज, ती गाडी जीर्णोद्धार होता होता नाहीशीच होते. माझं म्हणणं या विरोधाभासावर उभं आहे आणि ते थोडक्यात असं, की गंज जितका जास्त तितका हात आखडता घ्यावा. फार गंजलेली गाडी नवी करू नये. आहे तशी सांभाळावी. हे ऐकून गॅरेजवाले हसतात, घरची मंडळी कपाळाला हात लावतात आणि भंगारवाला काळजीत पडतो. तिघांनाही उत्तर द्यायला हवं.

पुराव्यासाठी अमेरिकेत, ओक्लाहोमा राज्यातल्या टल्सा शहरात जावं लागेल. १९५७ साली त्या राज्याला पन्नास वर्षं पूर्ण झाली. पन्नाशी आली की आपल्याकडे स्मरणिका काढतात. टल्साकरांनी नवीकोरी मोटार पुरली. प्लिमथ बेल्वेडीअर, सोनेरी आणि पांढऱ्या रंगाची, मागच्या बाजूला दोन उंच पंख. १५ जून १९५७ रोजी न्यायालयासमोरच्या हिरवळीखाली काँक्रीटची कोठडी बांधून तीत गाडी उतरवली आणि २००७ मध्ये ती बाहेर काढायची असं ठरलं. कोठडी अणुहल्ल्यातही टिकेल, असं अभिमानानं सांगितलं गेलं. काळ शीतयुद्धाचा होता, त्यामुळे सगळ्या शंका आभाळाकडे बघून काढलेल्या होत्या. जमिनीत मुरणाऱ्या पाण्याची शंका कुणी काढली नाही. सोबत दहा गॅलन पेट्रोल ठेवलं, कारण पन्नास वर्षांनी जगात पेट्रोल मिळत असेल की नाही याची खात्री नव्हती. बिअरची एक पेटीही ठेवली. पन्नास वर्षांनी बिअर मिळेनाशी होईल असं नेमकं कुणाला वाटलं, याचा इतिहासकारांनी शोध घ्यायला हवा. शिवाय एखाद्या बाईच्या पर्समध्ये त्या काळी जे जे सापडलं असतं ते ते समोरच्या कप्प्यात ठेवलं. त्यात लिपस्टिक होती, केसांच्या पिना होत्या, सिगारेटी होत्या, मन शांत करायच्या गोळ्या होत्या आणि पार्किंगचा न भरलेला दंडही होता. पुढच्या पिढ्यांसाठी आपली माहिती ठेवताना इतका खरेपणा फार थोड्या नगरपित्यांनी दाखवला असेल. वर एक स्पर्धा लावली. २००७ मध्ये टल्साची लोकसंख्या किती असेल, याचा सर्वांत जवळचा अंदाज करणाऱ्याला ही गाडी बक्षीस मिळणार होती. निकाल लागला तेव्हा विजेता वारून कितीतरी वर्षं झाली होती. बक्षीस नातेवाइकांना मिळालं, आणि ते बघितल्यावर त्यांना वारसाहक्काच्या कायद्याबद्दल काय वाटलं असेल याची कल्पना करता येते.

कारण जून २००७ मध्ये कोठडीचं झाकण निघालं तेव्हा आत पाणी होतं. ते नुकतं शिरलेलं नव्हतं. अणुबाँबला दाद न देणारं काँक्रीट पाण्याला वर्षानुवर्षं दाद देत आलं होतं. हजारो लोकांच्या साक्षीनं गाडीवरचं आवरण काढण्यात आलं आणि चिखलानं माखलेली, नखशिखांत गंजलेली एक आकृती समोर आली. हॉट रॉड गाड्या घडवण्यात नाव कमावलेले बॉइड कॉडिंग्टन ती चालू करून दाखवायला मुद्दाम आले होते. चालू करण्यासारखं त्यात काही शिल्लक नव्हतं. यातली आणखी एक खुबी मोटारींच्या जाणकारांनाच माहीत असते. प्लिमथ बनवणाऱ्या क्रायस्लर कंपनीची १९५७ ची सगळी मॉडेलं घाईघाईनं बाजारात आणलेली होती. व्हर्जिल एक्झनर यांनी काढलेलं रूप असं देखणं, की प्लिमथच्या जाहिरातीत तीन वर्षं पुढचं साल आताच उजाडल्याचा दावा होता. पण बांधणी कच्ची, पावसात आत पाणी यायचं, आणि चार वर्षं रस्त्यावर काढलेल्या गाड्यासुद्धा गंजाच्या तक्रारींनी बदनाम झालेल्या. थोडक्यात, पन्नास वर्षं पाण्यात ठेवायला टल्सानं अशी गाडी निवडली होती जिला गंजायला पाण्याचीही फारशी गरज नव्हती.

पुढची हकिगत वादाच्या दृष्टीनं जास्त महत्त्वाची आहे. गंज काढायचं द्रावण बनवणाऱ्या न्यू जर्सीतल्या एका कंपनीनं गाडी ताब्यात घेतली आणि सुमारे दोन वर्षं ती धुतली. चिखल गेला, वरचा गंज उतरला, काही ठिकाणी मूळ रंग आणि क्रोम चमकायला लागलं. आतला सांगाडा मात्र इतका पोखरलेला होता की गाडीला स्वतःचं वजनही जड झालं होतं. चालवणं दूरच, हलवतानाही धाकधूक. स्मिथसोनियन संस्थेला विचारून झालं, तिथून नकार आला. अखेर २०१७ मध्ये इलिनॉयमधल्या रॉस्को गावच्या एका मोटारसंग्रहालयानं तिला आहे त्या अवस्थेत ठेवून घेतलं. आता समजा, एखाद्या धनिकानं पैसे ओतून ती नवी करायचं ठरवलं असतं. त्यासाठी त्याच सालची दुसरी एखादी बेल्वेडीअर आणावी लागली असती, तिची चासी, तिचा तळ, तिची दारं घ्यावी लागली असती, आणि शेवटी जी चकचकीत गाडी उभी राहिली असती ती मुळात ही दुसरीच गाडी असती. मधल्यामध्ये त्या दुसरीचं नाव गेलं असतं. चकचकीत बेल्वेडीअर जगात दुर्मीळ नाही. त्या वर्षी प्लिमथनं लाखोंनी गाड्या विकल्या होत्या आणि त्यातल्या सुस्थितीतल्या आजही विकत मिळतात. न गळणाऱ्या कोठडीवर अख्ख्या शहरानं ठेवलेल्या भरवशाचं पुढं काय झालं, हे सांगणारी मात्र जगात एकच आहे. तो पुरावा तिच्या गंजात आहे. उरलेला गंजही उतरवला की टल्साची गोष्ट सांगायला फक्त माहितीची पाटी उरते, आणि पाट्या कुणी वाचत नाही.

गंज म्हणजे मळ, तो धुतला की खालचं लोखंड जसंच्या तसं मिळतं, असा एक समज असतो. पण लोखंडाचा गंज होतो तेव्हा त्याचं आकारमान कितीतरी पटीनं वाढतं. तो फुगतो, खपल्या सुटतात, खालचं ताजं लोखंड उघडं पडतं आणि हवापाणी त्यालाही खायला लागतं. अ‍ॅल्युमिनियमचं तसं नाही. त्याच्यावर येणारा थर चिकटून बसतो आणि आतल्या धातूचं रक्षण करतो. टल्सानं हा धडा घेतला की काय कोण जाणे, पण १९९८ मध्ये त्यांनी दुसरी गाडी बंद केली ती प्लिमथ प्राउलर, जिच्या बांधणीत अ‍ॅल्युमिनियम भरपूर आहे, आणि या खेपेला पेटी जमिनीवरच ठेवली. ती २०४८ मध्ये उघडायची आहे. गाडी ठणठणीत निघेल अशी बरीच आशा आहे. प्लिमथ हा ब्रँड मात्र २००१ मध्येच बंद पडला. तर लोखंडाकडे परत येऊ. मोटारीच्या बॉडीचा पत्रा एक मिलिमीटरच्या आसपास जाडीचा असतो. तो दोन्ही बाजूंनी फुलायला लागला की काही वर्षांतच लोखंड संपतं आणि पत्र्याच्या आकाराचा गंज उरतो. गंज काढायला फॉस्फरिक अ‍ॅसिड आहे, विजेचा प्रवाह सोडलेल्या पाण्याचं टाकं आहे, आणि पातळ केलेल्या मळीत सुटे भाग आठवडेच्या आठवडे बुडवून ठेवायचीही रीत आहे. महाराष्ट्राला मळीचे अनेक उपयोग ठाऊक आहेत. गंज काढणं हा त्यातला सर्वांत सोवळा म्हणायचा. पण यातली कुठलीही युक्ती गेलेलं लोखंड परत आणत नाही. जिथं गंज हाच पत्रा होऊन बसलाय तिथं गंज काढायचा म्हणजे भोक पाडायचं, आणि मग ते भोक बुजवायचं काम वेगळं लावायचं. गॅरेजवाल्याच्या हसण्याचं कारण इथं लक्षात येतं. त्याला दोन्ही कामांचे पैसे मिळतात.

आता आक्षेपांकडे वळतो. सर्वांत वजनदार आक्षेप न्यायालयातून येतो. ‘ओल्ड नंबर वन’ नावाची एक बेंटली आहे. १९२९ आणि १९३० अशी लागोपाठ दोन वर्षं तिनं ल मांची चोवीस तासांची शर्यत जिंकली. १९३२ मध्ये ब्रुकलंड्सच्या ट्रॅकवर तिचा भीषण अपघात झाला आणि चालक मरण पावला. आधी, मध्ये आणि नंतर तिचे इतके भाग बदलले गेले, की १९२९ च्या गाडीतलं तिच्यात फारच थोडं उरलं. १९९० मध्ये एक कोटी पौंडांना तिचा सौदा ठरला आणि खरेदीदारानं पाय मागं घेतला. ही मुळात ती गाडीच नव्हे, असं त्याचं म्हणणं. प्रकरण लंडनच्या उच्च न्यायालयात गेलं. न्यायमूर्ती ऑटन यांनी निकाल विक्रेत्याच्या बाजूनं दिला. भाग बदलत गेले तरी गाडी एक वस्तू म्हणून अखंड नांदत आली, तिच्या इतिहासात खंड पडला नाही, म्हणून ती अस्सलच, असा त्याचा मथितार्थ. जीर्णोद्धारवाले हा निकाल छातीशी धरून फिरतात. अस्सलपण पत्र्यात नसतं, इतिहासात असतं, तर सगळा पत्रा बदलायला हरकत काय, असं ते विचारतात. पण निकाल नीट वाचला तर तो माझ्या बाजूनं साक्ष देतो. त्या बेंटलीचे भाग बदलले ते ती पळत होती म्हणून, पळत राहावी म्हणून. इंजिन बदललं ते पुढच्या शर्यतीसाठी. तिचं आयुष्यच बदलत जाण्याचं होतं आणि दुरुस्त्या हाच तिचा इतिहास होता. टल्साच्या गाडीचं आयुष्य म्हणजे पन्नास वर्षं पाण्यात बसून राहणं. तो इतिहास अखंड ठेवायचा तर गंजाला हात लावता येत नाही, कारण तेवढी एकच गोष्ट तिनं आयुष्यात केली आहे.

दुसरा आक्षेप साधा आणि म्हणून जास्त अवघड. मोटार ही चालवण्याची वस्तू आहे, न चालणारी मोटार ही मोटारच नव्हे. याला उत्तर स्वित्झर्लंडमधल्या एका तळ्यातून निघालं. अस्कोनाजवळ माज्जोरे सरोवरात १९२५ ची एक बुगाटी ब्रेशिया कित्येक दशकं पडून होती. जकात भरली नाही म्हणून अधिकाऱ्यांनीच ती पाण्यात लोटली, साखळीला बांधून ठेवली, आणि साखळीच गंजून तुटली, अशी तिची कथा सांगतात. कथा खरी असेल तर सरकारी जप्तीतल्या वस्तूंचं काय होतं याबाबत सगळे देश सारखेच म्हणायचे. जुलै २००९ मध्ये पाणबुड्यांनी ती ५३ मीटर खोलीवरून वर आणली आणि जानेवारी २०१० मध्ये पॅरिसला लिलाव झाला. अपेक्षा ७० ते ९० हजार युरोंची होती. गाडी गेली २,६०,५०० युरोंना. घेणारे होते कॅलिफोर्नियातले संग्राहक पीटर मलिन. त्यांच्या संग्रहालयात फ्रेंच गाड्या आरशासारख्या लखलखत उभ्या असायच्या, आणि या बुगाटीचं पुनर्निर्माण करवून घेणं त्यांना मुळीच अवघड नव्हतं. त्यांनी ती तळ्यातून निघाली तशीच ठेवली. चालणाऱ्या बुगाट्या त्यांच्याकडे होत्याच. बुडालेली एकच होती. न चालणारी मोटार मोटार नसेलही, पण मग तिला पुतळा म्हणा, दस्तऐवज म्हणा, आणि दस्तऐवज चालवायला न्यायचा नसतो एवढं मान्य करा. सगळे असं मान्य करत नाहीत हे खरं. जळून, चेपून गोळा झालेली १९५४ ची एक फेरारी २०२३ मध्ये कॅलिफोर्नियात सुमारे १९ लाख डॉलरना विकली गेली. तिच्यात चाकं कुठली आणि छत कुठलं हे ओळखणं कठीण होतं. एवढे पैसे त्या लोखंडाचे नसतात. ते चासी नंबरचे असतात. त्या नंबराभोवती एक आख्खी फेरारी नव्यानं बांधायचा परवाना त्यात मिळतो. सातबारा विकत घेऊन मग जमीन तयार करण्याचा हा प्रकार आपल्या बिल्डरांना अजून सुचलेला नाही.

इथं कुणी म्हणेल, की गंजाला भाव आला म्हणून तुम्ही गंजाची वकिली करता. भाव आला आहे हे कबूल. पेबल बीचचं प्रदर्शन म्हणजे मोटारींच्या जीर्णोद्धाराचं काशीक्षेत्र; तिथं २०२४ मध्ये प्रथमच संवर्धन गटातल्या गाडीला सर्वोच्च मान मिळाला. १९३४ ची बुगाटी टाइप ५९, एके काळी बेल्जियमच्या राजाकडे होती ती, अंगावरच्या सगळ्या जुन्या खुणांसह. ती काही सडलेली नव्हती, तेव्हा माझ्या बाजूचा पुरावा म्हणून तिला ओढून आणणं लबाडी होईल. पण परीक्षकांची नजर बदलते आहे एवढं त्यातून दिसतं. आणि बाजार बदलला की नक्कल आलीच. अमेरिकेत आता चांगल्या पत्र्याच्या गाडीवर रंगाचे थर देऊन, ते घासून, खोटा गंज चढवून देणारे कारागीर आहेत. रंग मारून गंज लपवणाऱ्यांच्या शेजारी रंग मारून गंज दाखवणारे बसले, म्हणजे धंदा पूर्ण झाला. पण नकली नाणी निघतात म्हणून खरी वितळवायची नसतात. उलट खऱ्या गंजाची एखादी गाडी हाताशी असली तरच खोटा गंज ओळखता येतो.

जीर्णोद्धाराच्या बाजूनं खरेपणाचा दावा केला जातो तोही तपासायला हवा. गाडी कारखान्यातून निघाली तशी आम्ही करून देतो, असं म्हणतात. तशी कधीच होत नाही, तिच्याहून चांगली होते. १९५७ च्या कारखान्यात दाराच्या फटी कमीजास्त असायच्या, रंगात लहान लहान दाणे यायचे, कुठल्या तरी कोपऱ्यात कुणीतरी घाईत ब्रश फिरवलेला असायचा. जीर्णोद्धारातून निघालेल्या गाडीत असला एकही दोष राहत नाही. आपल्याकडे हेमाडपंती देवळाच्या काळ्या पाषाणाला भक्तिभावानं गुलाबी ऑइल पेंट देतात आणि वर जीर्णोद्धार समितीच्या सदस्यांची नावं संगमरवरावर कोरतात, त्यातलाच हा प्रकार. दोन्हीकडे श्रद्धा शंभर नंबरी असते आणि दोन्हीकडे मूळ कारागिराची छिन्नी दिसेनाशी होते. इंग्लंडमध्ये जॉन रस्किन यांनी १८४९ मध्येच इमारतींच्या असल्या नूतनीकरणावर आसूड ओढला होता. आज इमारतींसाठी १९६४ ची व्हेनिसची सनद आहे आणि तिच्या धर्तीवर जुन्या वाहनांच्या जागतिक महासंघानं केलेली टुरिनची सनद आहे. कमीत कमी ढवळाढवळ करा, असं दोन्ही सनदा सांगतात. अर्थात सनद वाचून कुणी स्प्रे गन खाली ठेवल्याचं ऐकिवात नाही.

खरी अडचण वेगळीच आहे आणि ती मी लपवणार नाही. गंज थांबत नाही. रंग दिलेली गाडी झाकून ठेवली की झालं. गंजलेली गाडी जशी आहे तशी ठेवायची तर रोज तिच्यावर पहारा हवा. ब्रिस्टलला एसएस ग्रेट ब्रिटन ही आगबोट आहे. १८४३ मध्ये जलावतरण झालेली, लोखंडी सांगाड्याची, १९७० मध्ये फॉकलंड बेटांवरून तरंगत्या तराफ्यावर घरी आणलेली. तिच्या लोखंडात समुद्राचं मीठ इतकं मुरलं आहे, की साध्या हवेत ती पुढं गंजत राहिली असती. म्हणून तिच्या गोदीवर पाण्याच्या पातळीला काचेचं छत घातलं आणि त्याखालची हवा यंत्रांनी इतकी कोरडी ठेवली, की आर्द्रता जेमतेम वीस टक्क्यांच्या आसपास राहते. म्हणजे बोटीचा बुडालेला भाग वाळवंटात आहे आणि वरच्या काचेवर पाणी खेळतं आहे. हा खर्च जबरदस्त आहे, पण त्याचा मुद्दा स्पष्ट आहे: गंज थांबवणं शक्य आहे, फक्त ते रंगाऱ्याचं काम नाही. मोटार बोटीपेक्षा लहान असते. काचेची एक बंद खोली, हवेतलं पाणी शोषणारं एक यंत्र, महिन्याला विजेचं बिल. फार गंजलेल्या गाडीच्या पूर्ण जीर्णोद्धाराला जो खर्च येतो, तो बघता हे बिल कितीतरी वर्षं भरता येईल. मुंबईच्या दमट हवेत ते जरा जास्त येईल, हे मान्य. पण मुंबईत विजेचं बिल कशाचं जास्त येत नाही?

उरला शेवटचा आक्षेप, आणि तो घरच्या मंडळींचा आहे. अशानं प्रत्येक आळशी माणूस स्वतःला संवर्धक म्हणवून घेईल. अंगणात आंब्याखाली विटांवर चढवलेली अँबॅसडर आहे, बॉनेटमध्ये मांजरीनं पिल्लं घातली आहेत, मालक वीस वर्षं ‘एकदा बघू’ म्हणतोय. आता तो म्हणेल, मी इतिहास जतन करतोय. त्याला माझा पाठिंबा नाही. अँबॅसडरी लाखांनी निघाल्या आणि आंब्याखाली गंजण्यात तिनं दुसऱ्या कुणी न केलेलं असं काही केलेलं नाही. तिचा गंज काही सांगत नसेल तर पत्रा कापा, नवा जोडा, लांबी भरा, हवा तो रंग द्या आणि रविवारी तिच्यातून सासुरवाडीला जा. डेंटर, वेल्डर, गाद्या शिवणारा, सगळ्यांच्या हाताला काम मिळेल. त्यांची कला टिकवणं हेही एक संवर्धनच आहे. मुंबईच्या चोर बाजारातून एकेक दिवा आणि एकेक हँडल हुडकून आणणाऱ्यांच्या चिकाटीला माझा नमस्कार आहे. माझी कसोटी इतकीच, की या गंजानं जे सांगितलं ते दुसरीकडे कुठं नोंदलेलं आहे का. असेल तर खुशाल रंगवा. नसेल, तर तुम्ही गाडी दुरुस्त करत नाही, साक्षीदाराचं तोंड बंद करताय.

आपल्या सरकारनंही या वादात उडी घेतली आहे, बहुधा नकळत. २०२१ मध्ये मोटार वाहन नियमांत व्हिंटेज वाहनांसाठी नवी तरतूद आली. वाहन पन्नास वर्षांहून जुनं हवं, मूळ स्वरूपात राखलेलं हवं आणि चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार केलेला नको. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं, आणि वापर प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणं आणि देखभाल यांपुरताच. नियम वाचला तर टुरिनच्या सनदेवर सही करणाऱ्यांनाही भरून येईल. आता कोकणातल्या खाऱ्या वाऱ्यात पन्नास पावसाळे काढलेली गाडी घ्या. बॉडीला हात लावलेला नसेल तर ती रस्त्यावर उभीही राहणार नाही, आणि रस्त्यावर उभी राहत असेल तर बॉडीला हात लागलेलाच आहे. शब्दशः वागायचं तर या नियमात बसणारी किनारपट्टीवरची एकमेव गाडी म्हणजे जी चालत नाही ती, आणि तिला नोंदणीची गरज नाही. प्रत्यक्षात तपासणारा अधिकारी उदार मनानं बघतो आणि गाड्या नोंदल्या जातात. त्या उदारपणाबद्दल तक्रार नाही. फक्त ‘मूळ स्वरूप’ या दोन शब्दांत किती नवं वेल्डिंग मावतं याचं मोजमाप कुठंतरी लिहून ठेवायला हवं.

आणि हे सगळं मुंबईच्या दृष्टीनं तातडीचं आहे, कारण आपल्या हातून एक गाडी नुकतीच निसटली. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली प्रीमिअर पद्मिनी, काळी-पिवळी. टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा, शेवटची नोंदणी २००३ ची, त्यामुळे ऑक्टोबर २०२३ मध्ये ती मुंबईच्या रस्त्यांवरून कायद्यानं उतरली. एखादी तरी जतन करा, असा आग्रह लगेच सुरू झाला, आणि तो योग्यच आहे. प्रश्न कुठली जतन करायची हा आहे. शोरूममधल्यासारखी लखलखीत पद्मिनी खासगी शौकिनांकडे सापडेल, पण ती टॅक्सी नव्हे. टॅक्सी म्हणजे दारांच्या खालच्या कडेला खाल्लेला पत्रा, त्यावर एकावर एक चढवलेले काळे हात, टपावरचं सामानाचं कॅरिअर, मीटर, छताला आतून लावलेलं फुलाफुलांचं कापड, आणि समुद्राकाठच्या शहरात रात्रंदिवस उभं राहून मिळवलेला तो सगळा गंज. हे शहर आपल्या चालत्या वस्तूंना कसं वागवतं याची ती नोंद आहे आणि ती पुसली तर काळ्यापिवळ्या रंगाची एक फिआट उरेल. म्हणून अशी एखादी संग्रहालयात यायची असेल तर ती धंद्यातून उतरली त्या अवस्थेत यावी, काचेच्या कोरड्या खोलीत उभी राहावी, आणि मीटरवर शेवटच्या गिऱ्हाइकाचे पैसे दिसत असतील तर तेही तसेच राहू द्यावेत. यात अडथळा तांत्रिक नाही, खर्चाचाही नाही. अशा कामाची निविदा निघते तेव्हा तिच्यात ‘डेंटिंग-पेंटिंगसह संपूर्ण नूतनीकरण’ ही बाब सुरुवातीलाच छापलेली असते, आणि ती वगळायची तर सुधारित अंदाजपत्रकाला वेगळी मंजुरी घ्यावी लागते.